लाल रेघेखाली

तुर्भ्याच्या लियाकतभाईंनी कापून दिलेल्या काचा
वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षाने आणल्या, मांडीवर,
गतिरोधक आला की श्वास धरून.
आठ एमएमच्या पाच मोठ्या,
आणि मध्ये उभ्या करायच्या तीन बुटक्या.
सिलिकॉन सुकेपर्यंत दोन दिवस घरभर आंबट वास
आणि बाबांचा एकच प्रश्न :
मासे वर, मग खाली ही दुसरी पेटी कुणासाठी?

पाण्यासाठी, म्हटलं.
वरचं पाणी कंगव्याच्या दातांतून गळेल,
पाइपातून खाली येईल,
पहिल्या खणातल्या पांढऱ्या मोज्यात गाळ टाकेल,
दुसऱ्यात फेसावर चढून त्याचा मळ कपात पडेल,
तिसऱ्यात शेवाळाच्या गुंत्यातून रेंगाळत जाईल,
चौथ्यातला पंप त्याला पुन्हा वर ढकलेल.

गुडघ्यांवर हात रेटत ते खाली बसले.
बुटक्या काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला.
"ह्यो तं आगरच हाय.
भरतीचा पानी उघाडीतून आत घ्याचा,
एका वाफ्यातून दुसऱ्यात,
बांध बोटभर कमी ठेवत."

आमची इमारत साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहे, घणसोलीत.
तुमचं आगर नेमकं कुठे होतं विचारलं
तर ते बाल्कनीतून बोट दाखवतात,
कधी पेट्रोल पंपाकडे, कधी काचेच्या ऑफिसांकडे.
बोट दर वेळी थोडं सरकतं.

मिठाची बादली कुरियरने आली. त्यांनी किंमत वाचली,
चष्मा पुसून परत वाचली.
"मीठ इकत घेतलास? जोमाच्या पोरीनं?"
आणि खाडी तर पाच मिनिटांवर.
मी म्हटलं, बाबा, त्या पाण्यात
एमआयडीसीचं काय काय उतरलंय.
यावर ते काही बोलले नाहीत.
आरओचं पाणी ड्रममध्ये ठिबकत होतं,
आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

रविवारी पंप सुरू. गुळगुळ, घरघर,
व्हॉल्व्ह पाव आट्याने इकडे, केसभर तिकडे,
मग अचानक आवाज बसला
आणि पाणी नुसतं फिरत राहिलं.
मी खुशीत मेन स्विच पाडला.
लाइट गेली तर काय होईल, ते पाहायला.

वरचं पाणी उतरू लागलं, उतरतच राहिलं.
परतीच्या पाइपानेही उलटं ओढायला सुरुवात केली,
त्याचा हिशेब मी धरलाच नव्हता.
पेटी भरली, काठ गेला,
लादीवरून पाणी सोफ्याखाली,
सोफ्याखालून दाराबाहेर.
खालचे पणीकर टॉवेलवरच वर आले.

बाबा त्या पाण्यात अनवाणी उभे.
वाकून बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं.
माझ्या मापकात पस्तीस दिसत होते, अगदी समुद्राइतके.
"कच्चा हाय," ते म्हणाले. "यात नाय पिकाचा मीठ."
मग पोछा हातात घेत, माझ्याकडे न बघता :
"उधाणाला जागा ठेवाची असते.
रिकामी दिसते म्हून भराची नसते."

परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक पाडलं,
हवा आत गेली की ओढ तुटते.
पेटीच्या काचेवर माझ्या नेलपॉलिशची लाल रेघ :
याच्यावर नको.
रेघ त्यांनी मारली, पट्टी न लावता, सरळ.

आता नातवंडं आली की वरच्या दोन नारिंगी माशांपुढे बसतात.
बाबा रात्री कपाटाचं दार उघडून
खाली बघतात. शेवाळावरचा जांभळा दिवा
रात्रीच लागतो, वरचा विझला की.
काल पाइपाच्या जोडावर पांढरी खपली धरली होती.
थेंब थेंब पाझरून, वाळून, आपोआप.
मी पुसायला फडकं आणलं तर ते म्हणाले थांब.
नखाने खरवडून तळहातावर घेतली,
दिव्याखाली धरली, फुंकर न लागेल अशी,
आणि मला दाखवली. चिमूटभरही नव्हती.